कोन की कोण

नारायणभाऊ,

काल निर्मळच्या तळ्यावर तुमचा दहावा झाला. तिथे जे घडले ते तुम्हांला कुणीतरी सांगायला हवे, आणि ज्यांनी सांगावे ती माणसे सध्या फारसे बोलण्याच्या मनःस्थितीत नाहीत. म्हणून मी लिहिते आहे. तुमच्यासमोर उभी राहून एवढे सलग बोलणे मला कधीच साधले नसते, हे तुम्ही जाणता. बांधावर उभी असताना मी वाक्य अर्धे सोडत असे आणि उरलेले अर्धे तुम्ही आपल्या मनाने पुरे करीत असा, बहुतेक वेळा चुकीचे. आता तुम्हांला मध्ये बोलता येणार नाही. ही सोय मला नको होती.

आधी ती बातमी, जी तुमच्यापर्यंत पोचली नाही. तुम्ही गेल्याचे कळताच तुमची प्रणाली फुटबॉल क्लबच्या शिबिरातून घरी आली, आणि तिच्या पाठोपाठ क्लबचा फोन आला. त्यांच्या पहिल्या गोलकीपरचा खांदा निखळला होता. रविवारी प्रणाली निघाली, तर पुढच्या सामन्यात गोलमध्ये तीच उभी राहणार होती. नाही निघाली, तर ते दुसरी मुलगी पाहणार होते. फोन ठेवून ती माजघरात जाऊन बसली आणि म्हणाली, "मी नाय जात."

तुमचे धाकटे बंधू जनार्दनभाऊ यांचेही ठरले होते. बापामागे मुलीचे लग्न वर्षाच्या आत व्हायला हवे, नाहीतर तीन वर्षे थांबावे लागते, असे ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. त्यात दुष्टपणा नव्हता. भावाची मुलगी आता आपल्या जबाबदारीवर आहे, एवढेच त्यांना कळत होते आणि त्या ओझ्याने ते रात्रीतून वाकल्यासारखे झाले होते. तुम्ही गेल्यापासून वहिनी काहीच बोलत नव्हत्या. प्रणाली जाणार की राहणार, हा एकच प्रश्न तुमच्या घरात होता, आणि तो मोठ्याने कुणी विचारत नव्हते.

मी तुम्हांला आधी ऐकले, मग पाहिले. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सायकल शिकले. या वयात सायकल शिकणाऱ्या बाईकडे आमच्या तुळिंजमध्ये लोक थांबून पाहतात. म्हणून सकाळी लवकर ती हातात धरून मी रेल्वेवरचा पूल चालतच ओलांडत असे, आणि गासच्या रस्त्याला लागल्यावरच तिच्यावर बसत असे. वळण घेता येत नसल्याने प्रत्येक वळणावर उतरावे लागे. तुमचे शेत अशाच एका वळणावर होते. भात कापून झाले होते, खुंट तुडवून खाचर सपाट केले होते, आणि दोन बांबूंच्या मध्ये शाळेच्या पीटीच्या कपड्यांत एक उंच मुलगी उभी होती. तुम्ही तोंडाशी हात धरून ओरडत होता, "कोन! अगं कोन! आधी कोन, मंग बॉल!" आणि दर हाकेला ती मुलगी थोडी डावीकडे, थोडी पुढे सरकत होती.

मी आयुष्यभर भूमिती शिकवली. चेंडूपासून गोलच्या दोन खांबांकडे दोन रेषा काढल्या, तर त्यांच्यामध्ये एक कोन होतो. गोलकीपर पुढे येऊन त्या कोनाच्या बरोबर मधोमध उभा राहिला की मारणाऱ्याला फटीच उरत नाहीत. ही गोष्ट फळ्यावर सांगून कुणाला पटत नसे. इथे एक शेतकरी ती भाताच्या खुंटांत उभा राहून शिकवीत होता. मी त्या दिवशी तशीच निघून आले. दुसऱ्या दिवशी सगळा धीर एकवटून बांधावर चढले आणि म्हणाले,

"तुम्ही कोन शिकवता, नाही का?"

तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलेत. "मी नारायन. शिकवतो थोडंफार. आन तुमी कोन?"

"हो, मीसुद्धा," मी म्हणाले. "शाळेत शिकवत होते."

"आस्सं. मास्तरीन," तुम्ही म्हणालात, आणि त्या क्षणापासून मी तुमची मास्तरीनबाय झाले. दोघांपैकी कुणालाही या संभाषणात काही वावगे वाटले नाही.

मग विहिरीच्या जुन्या दोराचे दोन तुकडे आले. एकेक तुकडा एकेका बांबूला बांधायचा, दोन्हींची टोके चेंडूपाशी धरायची आणि प्रणालीने त्या दोरांच्या मधोमध चालत चेंडूकडे यायचे. जसजशी ती पुढे येई तसतसे दोर तिच्या जवळ येत, आणि एका जागी पसरलेल्या हातांना दोन्ही दोर लागत.

"टीचर, म्हणजे पुढे गेलं की गोल छोटा होतो?"

"गोल तेवढाच असतो. मारणारीला तो लहान दिसतो."

"तेच तं," तुम्ही म्हणालात. "कोन कळला का अर्धा गोल वाचला." मला वाटले, याहून नेमके मलाही सांगता आले नसते.

तुमचे ते खाचर चौकोनी नव्हते. एक बांध दुसऱ्यापेक्षा बराच लांब, एक कोपरा शेजाऱ्याच्या केळीत घुसलेला. हळूहळू गावातल्या इतर मुलीही खेळायला येऊ लागल्या, तेव्हा उजव्या बाजूने येणाऱ्या मुलीला गोल जवळ पडे आणि डाव्या बाजूने येणाऱ्या मुलीला लांब. मी ते सरळ करून घ्या म्हणून सुचवले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "बांध हलवला तं शेजारी कोरटात जाईल, मास्तरीनबाय. पोरगी हलेल." आणि पोरगी हललीच. पावसाळ्यात मैदानाचे शेत होई आणि दिवाळीनंतर शेताचे मैदान. मधल्या महिन्यांत ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन खांबांना दोर बांधून सराव करी, आणि वॉचमन दोरावर कपडे वाळत घालायचे आहेत का, असे रोज विचारी.

खरे काय ते कळायला एक हंगाम जावा लागला. नव्याने आलेल्या एका मुलीने मला विचारले, "टीचर, भाऊ सारखं कोन कोन काय ओरडतात?" मी तिला कौतुकाने दोर, रेषा, कोन, सगळे समजावून दिले. तुम्ही जवळच बसून बुटाची नाडी बांधत होता. नाडी तशीच हातात धरून तुम्ही वर पाहिलेत.

"आवो, कोन म्हंजे कोन! बॉल कोनाकडं हाय, मारनार कोन, ते बघ, आसं बोलतो मी."

"म्हणजे... कोण?"

"तेच बोलतोय ना. कोन."

मुली हसून हसून खुंटांवर बसल्या. तुम्ही हसला नाहीत. इतके दिवस आपले ऐकले जात होते ते आपले नव्हतेच, असे काहीतरी तुमच्या चेहऱ्यावर दिसले. मी सायकल घेतली आणि निघाले. त्या दिवशी लाजेने मी पहिल्यांदा न उतरता वळण घेतले.

मी पुन्हा येणार नव्हते. पण दुसऱ्या दिवशी प्रणाली पुलाच्या पायथ्याशी उभी होती. "बाबा बोलले, दोर बांधायला तुमच्याशिवाय जमत नाय." दोर बांधण्यात न जमण्यासारखे काही नव्हते, नारायणभाऊ. ते तुम्हांला ठाऊक होते, मला ठाऊक होते आणि सायकल धरून माझ्याबरोबर चालणाऱ्या त्या मुलीलाही ठाऊक होते. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

मग आपला वाद सुरू झाला, तो शेवटपर्यंत मिटला नाही. तुमचे म्हणणे, बॉल आपोआप येत नाही, त्याला कुणीतरी आणते. त्या कुणाला ओळखा. कोण घाबरली आहे, कोण आईशी भांडून आली आहे, कोण डाव्या पायाची आहे. "तिचा खांदा बघ. खांदा पडला का बॉल निघाला समज, मंग पाय काय का करंना." माझे म्हणणे, मारणारी कुणीही असो, कोन तोच राहतो, माणूस फसवील, रेषा फसवणार नाही. तुम्ही म्हणत असा की मला माणसांची भीती वाटते म्हणून मी रेषा धरून बसते. प्रणाली दोघांचे ऐके आणि चेंडू अडवी.

क्लबची निवड चाचणी होती ती जेनिफरसाठी. जेनिफर खाचरात खेळणाऱ्या मुलींमधली सर्वांत वेगवान, आणि प्रणाली फक्त सोबत म्हणून गेली होती. तिथे आलेल्या गोलकीपर मुलीचे बोट दुखावले आणि मारणाऱ्या मुली तशाच रांगेत उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणाले, कोणीही उभे राहा. प्रणाली दुसरीचे हातमोजे घालून उभी राहिली. संध्याकाळी तुमच्या ओटीवर तिने सांगितलेले मला अजून ऐकू येते.

"सर विचारत होते, किससे सीखा? मी बोलले, बाबाने कोन सिखाया. ते बोलतात, कौन सिखाया? मी बोलले, हां, कोन. अरे लेकिन कौन? मी बोलले, कोन, सर. शेवटी जेनीने दोन हात असे करून दाखवले तेव्हा त्यांना कळलं."

"म्हंजे मास्तरीनबायचा कोन सांगितलास तू," तुम्ही म्हणालात.

"बाबा, जेनीचे हात तेवढेच करू शकत होते. तुमचा कोन हाताने कसा दाखवायचा?"

निवड प्रणालीची झाली, जेनिफरची झाली नाही. ती रडली, आणि दुसऱ्या दिवशी प्रणालीला सरावासाठी चेंडू मारायला हजर झाली. तुम्ही त्या दिवशी वाद घातला नाहीत, ओरडलाही नाहीत. मुली गेल्यावर मला एवढेच म्हणालात, "तिकडं मी नसनार वरडायला." मला काहीतरी चांगले बोलायचे होते. मी वाक्य अर्धे सोडले आणि त्या वेळी तुम्ही ते पुरे केले नाहीत.

आपली शेवटची भेट झाली तेव्हा प्रणाली क्लबमध्ये गेलेली होती आणि तुम्ही खाचराच्या कडेला वालाला पाणी देत होता. मला पाहताच पाट अडवून उभे राहिलात. काहीतरी जमवून ठेवल्यासारखा चेहरा होता.

"मास्तरीनबाय, पेनल्टीला तुमचा कोन काय करतो?"

"म्हणजे?"

"बॉल बरोब्बर मधी. डावीकडं तेवढाच गोल, उजवीकडं तेवढाच. पुढं यायचं नाय, रेषेवर थांबायचं. आता लावा दोर."

मी मनात दोर लावून पाहिले. काहीच निघेना. "उद्या सांगते," मी म्हणाले. तुम्ही पाट मोकळा केलात आणि पाठमोरे होऊन हसलात. खांद्यांवरून कळत होते.

रस्ताभर मी विचार केला. दोन्ही बाजू सारख्या. मधल्या रेषेवर उभे राहूनही काही हाती लागत नाही. चेंडू निघाल्यावर हलावे तर उशीर झालेला असतो. भूमिती तिथे थांबते. त्यापुढे एकच गोष्ट उरते आणि ती म्हणजे मारणारा कोण. सकाळी मी तुम्हांला सांगायला निघाले की पेनल्टीपुरते तरी तुम्ही जिंकलात. वाक्य पूर्ण तयार केले होते, अर्धे सुटू नये म्हणून रस्त्यात दोनदा म्हणून पाहिले होते. वळणावर आले तर खाचरात कुणी नव्हते, आणि तुमच्या अंगणात चपलाच चपला होत्या.

आता काल. तळ्याच्या काठी पिंड मांडला, सगळे मागे सरले, आणि कावळा येईना. तो समोरच्या चिंचेवर बसलेला सर्वांना दिसत होता, पण खाली उतरत नव्हता. भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला, मोकळेपणाने बोला." वहिनींनी हात जोडले. कुणी म्हणाले, वाल काढून देऊ. कुणी म्हणाले, विहिरीचा पंप दुरुस्त करू. मागून एक म्हातारा आवाज आला, "बॉल आना रे त्याच्यापुढं कोनीतरी," आणि दोघे-तिघे हसून गप्प झाले. कावळा मान वळवून केळीकडे पाहत राहिला.

मी बायकांच्या मागे प्रणालीच्या शेजारी उभी होते. मी या गोष्टी मानत नाही, तुम्हांला माहीत आहे. पण ते तयार केलेले वाक्य दहा दिवस माझ्याजवळच होते, आणि ते म्हणायला यापुढे दुसरी जागा मिळणार नव्हती. मी ओठांतल्या ओठांत म्हणाले, "पेनल्टीला कोन म्हणजे कोण. मान्य, नारायणभाऊ."

त्याच सुमारास जनार्दनभाऊ पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, "दादा, प्रनालीचं लगीन वर्साच्या आत करतो. तू काळजी करू नको." आणि कावळा उतरला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. जनार्दनभाऊंच्या डोळ्यांत पाणी आले. एक बाई म्हणाली, "बघा, लेकीतच जीव अडकला होता." मी प्रणालीकडे पाहिले. तिची नजर अजून चिंचेवर होती. रविवार तिच्या हातून गेला होता आणि तो तिने स्वतःहून सोडून दिला होता. तरी तिचा चेहरा गोल खाल्लेल्या मुलीसारखा झाला होता.

"काका," ती म्हणाली. "तो तुमच्यावर नाय आला."

"काय?"

"तुम्ही बोलायच्या आधीच निघालेला. फांदीवर पुढे झुकला, खांदा पाडला, मग तुम्ही तोंड उघडलं. मी बघत होते."

"मंग कोनावर आला?"

तिने माझ्याकडे बोट दाखवले. "टीचर बोलत होत्या."

नारायणभाऊ, तळ्यावर जमलेली सगळी माणसे माझ्याकडे वळली. शाळेत मी कधी साध्या निरोप समारंभातही बोलले नव्हते. जनार्दनभाऊ जवळ आले आणि अतिशय आदराने विचारते झाले, "मास्तरीनबाय, काय बोललात तुमी दादाला?"

"मी म्हणाले..." आणि वाक्य अर्धे सुटले. पुरे करायला तुम्ही नव्हता. "मी म्हणाले, कोन म्हणजे कोण."

मग तुमच्या चुलतीने अगदी समजुतीच्या सुरात म्हटले, "आवो पन बाय, कोन म्हंजे कोनच. हे आमाला ठावूकच हाय की."

आधी जेनिफर हसली. मग मुली, मग मागची माणसे, आणि शेवटी वहिनी, तोंडाला पदर लावून. भटजी पिंडाकडे पाहत स्तब्ध राहिले, पण त्यांच्या मिशा हलत होत्या. दहाव्याला असे हसावे की नाही, मला माहीत नाही. तुम्ही असता तर नाडी हातात धरून तसेच बघत राहिला असता.

हसणे ओसरल्यावर जनार्दनभाऊ पायरीवर बसले. "म्हंजे लग्नाचं त्यानं ऐकलंच नाय," ते स्वतःशीच म्हणाले. मग प्रणालीला, "तुला जायचंय?"

ती आईकडे पाहू लागली. बाप गेल्यावर आपण खेळायला गेलो असे होईल, हे भय तिला इतके दिवस धरून होते. ते मला तेव्हा दिसले. बोलल्या त्या वहिनी. इतक्या दिवसांत प्रथमच. "तिच्या बापाचा जीव तिकडं अडकलेला, तं ती हितं राहून काय करनार?"

"बरं," जनार्दनभाऊ म्हणाले. "रविवारी स्टेशनपर्यंत टेंपो मी काढतो. लग्नाचं मंग बघू." उठताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मास्तरीनबाय, दादाशी आजून काय बोलायचं राहिलं असंल तं आत्ताच बोलून टाका."

संध्याकाळी प्रणाली मला घेऊन खाचरात गेली. या सगळ्या वर्षांत मी चेंडूला कधी पाय लावला नव्हता. तो बरोबर मध्ये ठेवून ती बांबूंच्या मधल्या रेषेवर जाऊन उभी राहिली.

"मारा, टीचर."

"मला येत नाही."

"सायकल पण येत नव्हती."

मी विचारले, "कावळा खरंच आधी निघाला होता का गं?"

"मारा ना."

मी चपला काढून ठेवल्या. डावीकडे मारावा की उजवीकडे, यावर बराच वेळ घालवला, आणि डावीकडे पाहून उजवीकडे मारला. चेंडू अगदी हळू गेला. तो पोचायच्या कितीतरी आधी ती तिथे जाऊन बसली होती, दोन्ही हात पसरून, त्याची वाट पाहत.

"कसं कळलं?"

तिने चेंडू पोटाशी धरला आणि तुमच्यासारखीच, पाठमोरी होऊन हसली.

"कोन, टीचर."

कोणता, ते मी विचारले नाही.